लाल त्रिकोण आणि सरकारी आवाज

१९६६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयात कुटुंब नियोजनाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि त्याच्या प्रसिद्धीची धुरा डी. के. त्यागी यांच्याकडे आली. ओळखीचे लोक त्यांना दीप त्यागी म्हणत. हुद्दा साहाय्यक आयुक्त, माध्यमे. काम सांगायला सोपे होते: मुले कमी होऊ द्या, एवढेच लोकांच्या कानावर घालायचे. पण लोक सुमारे ५० कोटी, भाषा चौदाहून जास्त, आणि चारांतल्या जवळजवळ तिघांना अक्षरओळख नाही. विषय तर असा, की नवरा-बायकोसुद्धा एकमेकांशी त्यावर धड बोलत नसत. त्यात बोलणार कोण, तर सरकार. आणि सरकार दारात आले की एक तर सारावसुली नाही तर चौकशी, हा गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव.

सरकारी जनसंपर्काच्या इतिहासात एवढी मोठी आणि एवढी खासगी कामगिरी क्वचितच कुणावर सोपवली गेली असेल. पुढच्या दहा वर्षांत या खात्याचा आवाज देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचला, आणि त्याच दहा वर्षांच्या अखेरीस त्याच आवाजाने लोक दचकू लागले. हे कसे घडले ते समजायचे, तर सरकार बोलू लागण्याआधी या विषयावर कोण बोलत होते इथून सुरुवात करावी लागते. महाराष्ट्रात ते नाव एकच: रघुनाथ धोंडो कर्वे.

महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. संततिनियमनाचा उघड प्रचार सोडायचा की नोकरी, असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. ऑक्टोबर १९५३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते चालू होते. कर्व्यांची रीत सरळ होती. साधनांची नावे घ्यायची, ती कशी वापरायची ते लिहायचे, वाचकांच्या पत्रांना आडपडदा न ठेवता उत्तरे द्यायची. वाचक म्हणजे कळते-सवरते माणूस, हे गृहीत धरून ते लिहीत. या स्पष्टपणाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले; १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, मासिक थांबले नाही. पण मासिकाचा पल्ला होता शहरातल्या मूठभर शिकलेल्या मराठी घरांपुरता.

आंबेडकरांचा या प्रश्नाशी संबंध त्या खटल्यापुरता नव्हता. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसारासाठी सरकारने पावले उचलावीत असा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. त्याआधी तीन वर्षे, डिसेंबर १९३५ मध्ये, अमेरिकेतल्या चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या होत्या. कृत्रिम साधनांना गांधीजींचा विरोध होता, संयम हाच उपाय असे त्यांचे म्हणणे होते, आणि भेटीनंतरही ते बदलले नाही. पुढे जे काँग्रेस सरकार देशभर हा कार्यक्रम राबवणार होते, त्याच्या मनात ही भीड बराच काळ राहिली.

स्वातंत्र्यानंतर मात्र चक्रे वेगाने फिरली. १९४९ मध्ये मुंबईत धन्वंती रामा राव यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कुटुंब नियोजन संघटना स्थापन झाली. १९५२ मध्ये मुंबईतच आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिथे जागतिक संघटनेचा पाया घातला गेला. त्याच वर्षी भारताने कुटुंब नियोजन हा सरकारी कार्यक्रम म्हणून स्वीकारला. जगातला हा पहिला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपये ठेवले गेले.

पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या निकटच्या. त्यामुळे पहिला प्रयोग झाला तो ‘सुरक्षित दिवसां’चा. जागतिक आरोग्य संघटनेतर्फे आलेले डॉ. अब्राहम स्टोन यांनी बायकांसाठी रंगीत मण्यांची माळ सुचवली. रोज एक मणी सरकवायचा. एका रंगाचे दिवस निर्धास्त, दुसऱ्या रंगाचे दिवस टाळायचे. दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातले रामनगर इथे तिची चाचणी झाली. अंधारात रंग ओळखू येईना, मणी पुढे-मागे सरकत, आणि काही जणींनी तर माळ गळ्यात असली की झाले, असे समजून ती गंड्या-ताइतासारखी वापरली, असे अनुभव नोंदले गेले. कागदावर चोख वाटणारी सूचना घरात शिरली की तिचे काय होते, याचा हा पहिला धडा होता.

पुढची काही वर्षे धोरण एवढेच राहिले: दवाखाने उघडा, लोक येतील. लोक फारसे आले नाहीत. १९५१ मध्ये ३६ कोटींवर असलेली लोकसंख्या १९६१ च्या जनगणनेत जवळजवळ ४४ कोटींवर गेलेली दिसली आणि नियोजन आयोग हादरला. दवाखान्यात बसून वाट पाहण्याऐवजी गावात जाऊन बोलायचे ठरले. १९६५ मध्ये गर्भाशयात बसवायचे ‘लूप’ आले. प्लॅस्टिकचे, स्वस्त, एकदा बसवले की विसरून जा असे सांगितले गेलेले हे साधन पहिल्या वर्षा-दोन वर्षांत लाखो बायकांनी बसवून घेतले. मग कुणाला रक्तस्राव, कुणाला पोटदुखी. हे होऊ शकते आणि झाले तर काय करायचे, हे बहुतेकींना आधी कुणी सांगितले नव्हते. नंतर विचारपूस करायला नर्सबाईला सवड नव्हती. जी माहिती खात्याने दिली नाही, तिची जागा अफवांनी घेतली आणि लूपची मागणी घसरली.

त्यागी यांनी सूत्रे घेतली ती या पार्श्वभूमीवर. त्यांच्या जोडीला होते फोर्ड फाउंडेशनचे सल्लागार फ्रँक वाइल्डर. या दोघांनी आधीचे प्रचारसाहित्य पाहिले. देशासाठी बचत, आईचे आरोग्य, धान्यटंचाई, मुलांचे शिक्षण असे दहा विषय दहा प्रकारे मांडलेले होते. एका बाजूला दोन मुलांचे नीटनेटके घर आणि दुसऱ्या बाजूला पोरवड्याचे विस्कटलेले घर, हे भित्तिचित्र तर ठरलेलेच. ते पाहून खेड्यातल्या लोकांना दोनच मुले असलेल्या जोडप्याची कीव आली, अशी गोष्ट या क्षेत्रात अजून सांगतात.

दोघांनी काटछाट केली. एक चिन्ह, एक चित्र, एक वाक्य. चिन्ह म्हणजे टोक खाली असलेला लाल त्रिकोण, कुठल्याही गावच्या पेंटरला पट्टी आणि गेरू घेऊन काढता येईल असा. चित्र म्हणजे चार हसरे चेहरे: आई, बाप, मुलगा, मुलगी. वाक्य म्हणजे दोन किंवा तीन मुले पुरेत, डॉक्टरांचा सल्ला घ्या. हिंदीत ‘दो या तीन बच्चे, बस’. लोकसंख्येचा भस्मासूर, राष्ट्राचे भवितव्य वगैरे सगळे बाजूला पडले. किती मुले, एवढा आकडा तेवढा उरला. तो ठरवण्यामागे व्यवहार होता: ज्याला आधीच तीन मुले आहेत अशा माणसालाही भिंत आपल्याशी बोलते आहे असे वाटले पाहिजे. या बदलाबद्दल वाइल्डर आणि त्यागी यांनी १९६८ मध्ये लोकसंख्याशास्त्राच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लेखही लिहिला.

मजकूर ठरवणे ही यातली सोपी बाजू. तो जिच्या हातून जायचा ती यंत्रणा गुंतागुंतीची होती. कुटुंब नियोजन आरोग्य मंत्रालयाकडे. पण आकाशवाणी, फिल्म्स डिव्हिजन, जाहिरात व दृश्य प्रसिद्धी संचालनालय, गीत व नाट्य विभाग ही सगळी माध्यमे माहिती व नभोवाणी मंत्रालयाकडे. दवाखाने राज्यांचे. म्हणजे दिल्लीत बसलेल्या माध्यम-अधिकाऱ्याच्या हाताखाली ना रेडिओ, ना सिनेमा, ना नर्स. त्याने विनवायचे, पटवायचे, पाठपुरावा करायचा. चिन्ह आणि वाक्य इतके आखूड ठेवण्याचे हेही एक कारण मानता येईल: इतक्या हातांतून गेले तरी ज्याचे रूप बदलणार नाही असेच काहीतरी हवे होते.

आणि ते गेले. दवाखान्यांच्या भिंती, बसच्या पाठी, आगपेट्या, आंतर्देशीय पत्रे, टपालाची तिकिटे; नजर टाकावी तिथे त्रिकोण. महाराष्ट्रात पोवाड्यांतून, भारुडांतून, लोकनाट्यांतून ‘पाळणा लांबवा, पाळणा थांबवा’ ऐकू येऊ लागले. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पती यांच्यासारखा प्रयोगशील दिग्दर्शक याच विषयावर चित्रे हलवत होता. १९६२ चा ‘वाइव्ह्ज अँड वाइव्ह्ज’ आणि १९६८ चा ‘क्लॅक्सप्लोजन’ हे त्याचे लघुपट. सरकारी लघुपट दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक असल्याने मुख्य सिनेमाला आलेल्या प्रत्येकाला ते पाहावे लागत, निदान जो वेळेवर आत येऊन बसला त्याला तरी.

याच काळात खात्याने आणखी एक धाडस केले. १९६८ मध्ये ‘निरोध’ हा कंडोम बाजारात आला. कल्पना कलकत्त्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमधून निघालेली: निरोध दवाखान्यात ठेवला तर पुरुष मागायला येणार नाही, तो चहा-साबणाच्या दुकानात मिळाला पाहिजे. मग चहा, साबण, सिगारेट आणि बॅटऱ्या खेडोपाडी पोहोचवणाऱ्या कंपन्यांनाच वाटपासाठी गाठले गेले. हिंदुस्थान लीव्हर, ब्रुक बाँड, लिप्टन, टाटा ऑइल मिल्स, युनियन कार्बाइड. तीन नगांची किंमत १५ पैसे, सरकारी अनुदानामुळे. देशातला कारखाना, तिरुवनंतपुरमचा हिंदुस्थान लॅटेक्स, १९६९ मध्ये उत्पादन करू लागेपर्यंत माल परदेशातून आणला गेला. सरकारने एखादी सामाजिक सेवा एवढ्या प्रमाणावर दुकानातून विकण्याचे जगातले हे सुरुवातीचे उदाहरण. मराठी गावांत निरोधाचे फुगे करून पोरे खेळत, ही थट्टा खूप चालली. पण त्या थट्टेमुळे नाव घराघरात गेले हेही खरे.

दीप त्यागी १९६९ मध्ये, ऐन भरात असताना वारले. वीस वर्षांनी अमेरिकेतले फिल हार्वे यांनी याच कामासाठी जी आंतरराष्ट्रीय संस्था काढली, तिला त्यांनी त्यागींच्या आद्याक्षरांचे नाव दिले: डीकेटी. लाल त्रिकोणही आशिया-आफ्रिकेतल्या काही देशांनी उचलला.

भिंतीवरचा त्रिकोण ओळखीचा झाला खरा, पण भिंतीला उलट प्रश्न विचारता येत नाही. ऑपरेशननंतर कष्टाचे काम जमेल का, पुरुषत्व जाते का, मुलगा दगावला तर पुढे काय, हे प्रश्न गावात होतेच. कर्वे त्यांना पानेच्या पाने देत. आता उत्तर देण्याचे काम प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईवर, आरोग्य विस्तार अधिकाऱ्यावर आणि जिल्ह्याच्या ‘विस्तार व माध्यम अधिकाऱ्या’वर आले. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून या सगळ्यांच्या डोक्यावर उद्दिष्टे होती: महिन्याला इतक्या नसबंदी, इतके लूप. ऑपरेशन करून घेणाऱ्याला पैसे, त्याला घेऊन येणाऱ्या प्रवर्तकालाही पैसे. मद्रास राज्याने १९५६ मध्येच मोबदल्याची प्रथा पाडली होती, ती आता देशभर झाली. कचेरीच्या बोलण्यात माणसाची ‘केस’ झाली. ‘या महिन्यात किती केसेस?’ हा प्रश्न आरोग्य खात्यातून निघून महसूल आणि शिक्षण खात्यापर्यंत गेला आणि मास्तरही केसेस शोधू लागले.

मुंबईने यात वेगळीच वाट काढली. महापालिकेचे डॉ. डी. एन. पै यांनी नसबंदीची केंद्रे थेट रेल्वे स्थानकांवर उघडली. रोज लाखो पुरुष जिथून जातात तिथेच सेवा मिळावी, हा हिशेब. कामावरून परतताना माणूस थांबे, अर्ध्या तासात मोकळा होई. पुढची पायरी होती शिबिरे. केरळातल्या एर्नाकुलमचे जिल्हाधिकारी एस. कृष्णकुमार यांनी जुलै १९७१ मध्ये भरवलेल्या शिबिरात एका महिन्यात सुमारे ६३ हजार पुरुषांची नसबंदी झाली. मिरवणुका, गाणी-बजावणी, भेटवस्तू. शिबिर म्हणजे जत्राच होती. दिल्लीने ते पाहिले आणि इतर राज्यांना तसेच करायला सांगितले. प्रचार, मोबदला आणि जिल्हाधिकाऱ्याचा अधिकार एकाच मांडवाखाली आले होते, आणि लोक कशामुळे आले हे वेगळे काढून पाहण्याची गरज कुणाला वाटली नाही.

१९७४ मध्ये बुखारेस्टच्या जागतिक परिषदेत आरोग्यमंत्री करण सिंग यांनी विकास हेच उत्तम संततिनियमन असे म्हटले, ते जगभर गाजले. दोन वर्षांत, आणीबाणीत, त्यांच्याच खात्याने १६ एप्रिल १९७६ रोजी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केले. लग्नाचे किमान वय मुलीला १८ आणि मुलाला २१, मोबदल्यात वाढ, आणि सक्तीचा कायदा करू पाहणाऱ्या राज्यांना मोकळीक. असा कायदा करण्यात महाराष्ट्र पुढे होता. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक राज्य विधिमंडळाने १९७६ मध्ये मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही.

विधेयक थांबले तरी सक्ती थांबली नाही. संजय गांधींच्या आग्रहामुळे उत्तरेत राज्याराज्यांत चढाओढ लागली. पगार, बढती, परवाने, रेशन यांची सांगड नसबंदीच्या दाखल्याशी घातली गेली. एप्रिलमध्ये दिल्लीत तुर्कमान गेटला आणि ऑक्टोबरमध्ये मुजफ्फरनगरला गोळीबार झाले. वृत्तपत्रांवर सेन्सॉर असल्याने खरे काय घडले ते छापून येत नव्हते, आणि रेडिओ फक्त आकडे सांगे. मग लोकांनी तोंडी बातमीवर विश्वास ठेवला, तीत पदरचे मिसळले. लस टोचायला आलेल्या माणसांनाही नसबंदीवाले समजून आयांनी मुले लपवल्याच्या हकिकती आहेत. १९७६-७७ या वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी झाल्या, त्यांत सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांच्या. मार्च १९७७ मध्ये सरकार पडले.

नव्या सरकारने पहिल्या काही कामांत खात्याची पाटी बदलली: ‘कुटुंब नियोजन’ जाऊन ‘कुटुंब कल्याण’ आले. पुढच्या वर्षी नसबंदीचा आकडा साडेनऊ लाखांच्या आसपास कोसळला. पुरुष तर या कार्यक्रमातून जवळजवळ निघूनच गेले, आणि कुठलाच राजकीय पक्ष त्यांना परत बोलवायला धजेना. खाते आता बायकांशी बोलू लागले. टाक्याचे आणि पुढे दुर्बिणीचे ऑपरेशन, ‘तांबी’, ‘माला-डी’, दूरदर्शनवरची ‘हम दो, हमारे दो’. १९९६ मध्ये उद्दिष्टांची पद्धत अधिकृतपणे सोडून देण्यात आली. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी स्वतःची नसबंदी झाल्याचे सांगितले. पतीची झाल्याचे सांगणाऱ्या ०.३ टक्के. पुरुषाचे ऑपरेशन वैद्यकीयदृष्ट्या जास्त सोपे आणि कमी धोक्याचे असूनही हे प्रमाण असे आहे.

प्रचाराने जे सांगितले ते आज बहुतांश घडून गेले आहे. त्याच सर्वेक्षणात देशाचा प्रजनन दर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ भरला. मुलींचे शिक्षण, उशिरा होणारी लग्ने, घटलेले बालमृत्यू आणि शहरातली महागडी घरे यांचा त्यात मोठा वाटा आहे. भिंतींवरचे त्रिकोण उन्हापावसात फिके पडले आणि पुष्कळ ठिकाणी पोलिओ, स्वच्छता अभियान यांच्या रंगाखाली गेले.

आकडा मात्र टिकला, आणि तो कायद्यात जाऊन बसला. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या व्यक्तीला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. २००५ च्या नियमांनुसार राज्य शासनाच्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याने ‘लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र’ द्यायचे असते. त्यागींच्या घोषणेत तिसऱ्या मुलाला जागा होती, या नियमांत ती नाही. निवडून आलेल्या सदस्याविरुद्ध तक्रार झाली की सुनावणी होते जिल्हाधिकाऱ्यापुढे. अर्धशतकापूर्वी याच हुद्द्यावरचे अधिकारी शिबिरांचे मांडव घालत होते; आता त्यांच्या मेजावर जन्मनोंदीचे दाखले आणि शाळेच्या रजिस्टरचे उतारे येतात, आणि मूल बाराव्या तारखेआधी जन्मले की नंतर, यावर दोन्हीकडचे वकील युक्तिवाद करतात.